वही हुशार नसावी

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतं आणि त्याबद्दल मला घरात बोलणी खावी लागतात. साऱ्या गावाची घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात, तशी आपलीही असावीत, म्हणजे बस चुकत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या स्टुलावर चढून काटा पुढे सरकवतात, मी त्यांची पाठ वळली की मागे आणते. कित्येक वर्षं हा खेळ चालू आहे. “हट्टीच आहे बाई,” असं त्या शेजारणीला सांगतात. खरं म्हणजे हट्ट माझा नाही, तो साळव्यांचा आहे. मी नुसता उचललाय.

जनार्दन साळवे. नगरच्या पुणे रस्त्यावर, केडगावच्या जरा अलीकडे, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची कंपनी होती. कंपनी म्हणायचं आपलं; तीन खोल्या, सहा माणसं, चार कॉम्प्युटर आणि मालक बोरा साहेब. साखर कारखाने आणि दूध संघ यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम सीडीवर मिळू लागली होती. तिच्यातलं गिऱ्हाईकाला लागेल तेवढं ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं आणि आपली स्वतःची सीडी काढायची, असं बोरा साहेबांच्या मनानं घेतलं. नावही ठेवून झालं होतं, ‘पाया’. मी तिथली मुख्य प्रोग्रॅमर. वय सव्वीस, शिक्षण पुण्याचं, आणि नगर जिल्ह्यात आपल्या डोक्याला तोड नाही अशी प्रामाणिक समजूत.

साळवे आले ते आमचं काम तपासायला. विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून त्यांचं आयुष्य शिफ्टमध्ये गेलेलं, पाठीच्या दुखण्यापायी मुदतीआधीच निवृत्ती घेतलेली. कॉम्प्युटरला त्यांनी तोवर हात लावला नव्हता, आणि बोरा साहेबांना तेच हवं होतं. “हे जिथे अडतील तिथे गिऱ्हाईक अडेल,” असा त्यांचा हिशेब. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, खिशात एक निळं आणि एक लाल पेन, काखेत शंभर पानी वही. आल्या आल्या सगळ्यांना मिळून एक ‘जय भीम’ घालायचे. बोरा साहेब ‘जय जिनेंद्र’ म्हणून परत करायचे, आणि दोघंही आपापल्या जागी खूश.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. साळवे प्रत्येक ओळ वेळेनं सुरू करायचे. ‘१०.०५. चहा. सर्व ठीक.’ ‘११.००. सर्व ठीक.’ दर तासाला ‘सर्व ठीक’ ही ओळ पडायचीच, मग त्या तासात काही घडो वा न घडो. चुकलं तर खोडरबर नाही की गिरवणं नाही. चुकलेल्या शब्दावर लाल पेनानं एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. “काय चुकलं त्येबी दिसलं पायजे ना, मॅडम,” म्हणायचे. हातातलं घड्याळ रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या पीप-पीप ठोक्यांवर लावायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला कधी नावानं हाक मारली नाही. मॅडमच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “मॅडम, हे मशीन बंद पडलं तर कोन लिहून ठेवतं?”

मी जरा कौतुकानंच समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक प्रोग्रॅम गुपचूप बसलेला असतो. कोण आलं, कोण गेलं, काय बिघडलं हे तो वेळ घालून एका फाईलमध्ये लिहीत राहतो. त्याला लॉग म्हणतात.

“म्हंजे लॉगबुकच की!” परगावी आपल्या गावचा माणूस भेटावा तसा साळव्यांचा चेहरा उजळला. “छापून देता का जरा?”

मी महिन्याभराचा लॉग छापून दिला. लांबच लांब भोकाचा कागद, त्यावर इंग्रजी ओळीच ओळी. इतकं रटाळ वाचन जगात दुसरं नसेल. साळवे दोन दिवस एखादी कादंबरी वाचावी तसे ते वाचत बसले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर वही ठेवली. “मॅडम, आपलं मधलं मशीन रोज दुपारी दोन वाजून धा मिन्टांनी मरतं आन परत उठतं. सोमवारी न्हाई मरत.”

त्या मशीनवर मी दोन महिने डोकं फोडलं होतं. पार्ट बदलले होते, पुण्याच्या माणसाला बोलावलं होतं. सोमवार ऐकल्यावर मात्र खोलीतले सगळे खाली बघायला लागले. खालचा गिरणीवाला जेवून येऊन दोन वाजून दहा मिनिटांनी मोटर सुरू करायचा, तिच्या झटक्यानं वीज क्षणभर ढासळायची, आणि सोमवारी गिरणी बंद. त्या दिवसापासून मोटर सुरू करण्याआधी तो खालून हाक मारायला लागला, आम्ही मशीन तेवढ्यापुरतं नीट बंद करायला लागलो आणि त्याचं मरणं थांबलं. मी थक्क झाले होते. पण माझा अहंकार शाबूत होता, म्हणून मी त्याला योगायोग म्हटलं.

‘पाया’ची सीडी निघायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की लॉग लिहिणारा प्रोग्रॅम कोणता घालायचा. सिस्टिमबरोबर येणारा जुना एक होता. दुसरा मी लिहिला होता. सहा महिने खपून लिहिला होता, आणि खोटं कशाला बोलू, माझा त्याच्यावर जीव होता. जुना एकेक ओळ आली की लगेच डिस्कवर लिहायचा, त्यामुळे मशीन रेंगाळायचं. माझा ओळी मनात साठवायचा आणि पाच मिनिटांनी एकदम लिहायचा. निरर्थक ओळी गाळायचा. थोडक्या जागेत, स्वतःच्या खास लिपीत लिहायचा. जुना तर दर वीस मिनिटांनी, काहीही घडलेलं नसताना, उगाच एक खुणेची ओळ टाकायचा. मला त्या ओळीची मनस्वी चीड होती. काही झालं नाही हे कशाला लिहायचं?

बोरा साहेबांचा कल माझ्याकडे होता. तरी ते म्हणाले, “साळव्यांना तीन दिवस द्या.”

पहिल्या दिवशी साळवे मशीनजवळ उभे राहिले, घड्याळात पाहिलं, वहीत वेळ लिहिली आणि भिंतीतली पिन उपटली. माझा जीव कासावीस झाला. मशीन परत सुरू केलं, लॉगची शेवटची ओळ पाहिली, वहीत लिहिली. थोड्या वेळानं परत उपटली. तीन दिवस हेच, एकदा जुन्यावर, एकदा माझ्यावर. चौथ्या दिवशी सकाळी बोरा साहेबांच्या टेबलाशी आम्ही बसलो.

“बोला साळवे,” साहेब म्हणाले.

“साहेब, आधी जुन्याची येळ वहीशी ताडली. पिन काढली त्या क्षणापत्तूर त्येनं लिवलेलं हाय. मॅडमच्याला शेवटची चार-पाच मिन्टं ठावं न्हाईत. आन दोनदा तर मॅडमची फाईलच उघडना. अर्धी लिवली हुती वाटतं.”

“पण वेग?” मी म्हणाले. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा वर गेला.

साळवे माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूसही नव्हता. “मॅडम, तुमचं लई हुशार हाय. कवा लिहायचं, काय गाळायचं, सगळा इचार करतं. पन वही हुशार नसावी. मानूस हुशार असावा. वहीनं नुसतं लिहावं.”

“अहो, पण डेमोत गिऱ्हाईकाला काय दिसणार?” बोरा साहेब म्हणाले. “वेगच दिसणार ना? डिफॉल्ट मॅडमचाच ठेवू, ज्याला नको असेल तो बदलेल नंतर.”

“डिफॉल्ट म्हंजे कोनी न सांगता चालू राहनारं, व्हय ना साहेब?”

“हो.”

“मग कोन बदलंल? ज्याला ठावंच न्हाई का असं काय निवडायचं असतं, त्याच्या टेबलावर हे चालनार. आज आपन ठेवू तेच त्याच्याकडं धा वर्सं ऱ्हाईल. ते त्येच्या वतीनं आपन निवडायलोत.”

मग जुन्यावर शिक्का बसला. मी शेवटचा खडा टाकून पाहिला, निदान ती वीस मिनिटांची खुणेची ओळ तरी काढू या, उगाच डिस्क भरते. साळव्यांनी हात जोडले. खरोखरच जोडले. “ती रिकामी ओळ न्हाई, मॅडम. ‘मी जागा हाय’ अशी ओळ हाय ती. तेवढी ऱ्हाऊ द्या.”

मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ते मात्र रोज डब्यातली शेंगोळी माझ्या झाकणात वाढत राहिले. शेंगोळ्यांपुढे माझा राग कितीसा टिकणार!

पुढच्या गळीत हंगामात श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या शेतकी विभागात ‘पाया’ बसवायला मीच गेले. तिथे ऑपरेटर होती सुनीता. पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हिचं बालपण कारखान्याकारखान्याच्या आवारातल्या पाचटाच्या कोप्यांवर गेलेलं, आणि आता त्याच धंद्यातल्या एका कारखान्यात ती खुर्चीवर बसून तोडणीचा क्रम लावत होती. कुणाचा ऊस आधी तुटणार, कुणाचा नंतर, ते लागवडीच्या तारखेवर ठरतं आणि त्या यादीवर अख्ख्या तालुक्याचा डोळा असतो. मी मशीन बसवलं, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लावली, तिच्या हातचा चहा घेतला आणि परत आले.

दीड महिन्यानं कारखान्यातून फोन आला. यादी बदलली होती. खालची काही नावं एकदम वर आली होती आणि बदल करणाराचं नाव म्हणून मशीन ‘सुनीता’ दाखवत होतं. शनिवारी चौकशी, आणि चौकशी म्हणजे तिला घरी पाठवायचा ठराव, हे फोनवरच्या आवाजावरून कळत होतं. ती काढली गेली असती तर परत कोयत्यावर, ऊस तोडायलाच जायची. तिच्या घरात दुसरा रस्ता नव्हता.

साळवे आणि मी एसटीनं निघालो. वाटेत साळवे खिडकीबाहेर बघत होते. मग आपणहून बोलले, आणि त्यांच्याबद्दलचं एवढंच मला त्यांच्या तोंडून कळलं. “सबस्टेशनवर सुरवातीला मीबी तुमच्यावानीच हुतो, मॅडम. काय झालं न्हाई तर कशाला लिवायचं? एक दिस दुपारी एक फोन आला तेवढाच, म्हनून त्या तासाची ओळ न्हाई लिवली. त्याच तासात एक वायरमन न इचारता लाईनवर चढला, अशी चौकशी निघाली. त्यो म्हनत हुता, मी फोन केल्ता, लाईन बंद करा म्हनलो हुतो. खरंच केल्ता त्यानं. मला आठवत हुतं. पन वहीत नव्हतं. माझ्या आठवनीला कोन इचारतो? गेली त्याची नोकरी.” थोडं थांबून म्हणाले, “तवापासनं एक तास सोडला न्हाई.”

कारखान्यात कार्यकारी संचालक बसले होते, शेजारी शेतकी अधिकारी, आणि कोपऱ्यात पदर मुठीत धरून सुनीता. बदल झाला तो दिवस लॉगमध्ये काढला. मी कागद छापून घेतला आणि माझा श्वासच मोकळा झाला. ज्या लॉगिननं यादी बदलली ते चार वाजून अकरा मिनिटांचं होतं. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात सुनीता बाहेर पडल्याची वेळ चार वाजून सहा. “सर, ही तर तेव्हा इथे नव्हतीच!” मी जवळजवळ ओरडलेच. सुनीतानं डोळे मिटून घेतले.

साळवे उठले. मशीनजवळ गेले, पडद्यावरची वेळ बघितली, मनगटावरची बघितली. ते काय करतायत ते मला कळलं. मग ते भिंतीवरच्या घड्याळापाशी जाऊन उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “मशीनचं घड्याळ अकरा मिन्टं फुडं हाय. भिंतीवरचं जसं हाय तसं. बसवताना आमी तपासलं न्हाई. आमची चूक हाय.”

आमची. एवढं बोलले, माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवरचं घड्याळ लोकांनी वेळेवर यावं म्हणून मुद्दाम पुढे ठेवलेलं, आणि मी शहाणी त्याच्यावर मशीन लावून आले होते. वॉचमनचं घड्याळ मात्र रेडिओवर लावलेलं. म्हणजे लॉगिन खरोखर चार वाजता झालेलं, आणि चारला सुनीता आतच होती.

शेतकी अधिकारी खुर्चीत सैल झाले. “बघा, तुमचाच माणूस सांगतोय.”

सुनीतानं साळव्यांकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. गप्प बसायला काय झालं होतं या माणसाला, असं मनात आलं. आजही लाज वाटते, पण आलं.

साळव्यांनी कागद टेबलावर पसरला आणि लाल पेन काढलं. “आता वाचू या का? सुनीताताई, तुमी त्या दिवशी शेवटचं काय काम केलं?”

“एका शेतकऱ्याची नोंद घेत हुते, सर. त्ये समूरच बसलं हुतं. मंग लाईट गेली. पावती हातानं लिवून दिली आन निघाले. बस हुती ना.”

“हे बघा साहेब. चार-नऊ. टेबलावरच्या मशीनवरनं सुनीता, नोंद उघडली. चार-अकरा. त्याच मशीनवरनं सुनीता, गट नंबर घातला. आन त्याच चार-अकराला दुसऱ्या मशीनवरनं सुनीता, आत आली. चार-बाराला टेबलावरनं नोंद पक्की झाली, आन चार-बारालाच दुसऱ्या मशीनवरनं यादी बदलली. चार-तेराला शेवटची ओळ, मंग लाईट गेली. फुडं वीस मिन्टाची खून बी न्हाई.” त्यांनी मान वर केली. “घड्याळ चुकलेलं हाय. पन दोन्ही ओळींना घड्याळ एकच हाय. एक बाई एकाच येळी दोन खुर्च्यांत बसती का?”

“दुसरं मशीन कुठंय?” संचालकांनी विचारलं. खरं तर त्यांना माहीत होतं. ते केबिनमध्ये होतं, शेतकी अधिकाऱ्यांच्या. आणि सगळ्या ऑपरेटरांचे पासवर्ड पाकिटात घालून, लाख लावून, त्याच केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, अशी त्या कारखान्याची पद्धत होती. पाकीट मागवलं. लाख फुटलेली होती.

पुढे काय झालं ते मोठ्या लोकांचं मोठ्या लोकांत झालं. सुनीता खुर्चीवर राहिली, एवढं आम्हाला पुरे होतं. ती साळव्यांच्या पाया पडायला वाकली तर ते चटकन मागे सरकले. म्हणाले, “माज्या न्हाई. रोज आल्यावर घड्याळ लावत जावा. रेडिओवर.”

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात मात्र एकच गणित फिरत होतं. माझा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी लिहायचा. चार-पाच, चार-दहा, मग चार-पंधरा. चार-तेराला लाईट गेली. म्हणजे चार-अकरा आणि चार-बाराच्या त्या ओळी माझ्या हुशार प्रोग्रॅमच्या मनातच राहिल्या असत्या आणि मनातच विझल्या असत्या. यादीवर ‘सुनीता’ एवढंच उरलं असतं. मी हे साळव्यांना सांगितलं. सांगताना रडले, कंडक्टरनंही वळून पाहिलं. साळव्यांनी वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात होतं, ‘घड्याळ ११ मि. पुढे. आमची चूक.’ खाली फक्त त्यांची सही होती. मी पेन मागितलं आणि त्यांच्या सहीखाली माझी केली.

मी फार माणसं पाहिली त्यानंतर. नावाजलेल्या कंपन्यांतली, डोळे दिपावेत अशा बुद्धीची. पण स्वतःच्या बाजूचं माणूस बुडत असताना, आधी आपल्या वहीतली चूक सांगणारा आणि मग तीच वही धरून त्याला वर काढणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. साळव्यांना मी घाबरायचे, इतका तो माणूस सरळ होता.

वर्षभरानं मला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी साळव्यांनी मला टेबलाशी उभं केलं. सबस्टेशनवर शिफ्ट बदलताना करतात तसं वहीत दोन ओळी लिहिल्या, ‘चार्ज दिला’ आणि ‘चार्ज घेतला’. पहिलीपुढे माझी सही घेतली, दुसरीपुढे स्वतः केली. माझा तो हुशार प्रोग्रॅमसुद्धा एका सीडीवर घालून, वेळ-तारीख लिहून, त्यांनी कपाटात जपून ठेवला होता. “चांगलं काम हाय, मॅडम. फेकायचं नसतं.”

मग केडगावच्या थांब्यावर सोडायला आले. बस आली. मला खिडकीची जागा मिळाली आणि ते खिडकीखालीच उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी गप्पा मारत होता. साळव्यांनी घड्याळात पाहिलं, वही डाव्या हातावर उघडली आणि निळ्या पेनानं लिहिलं. मला वरून स्पष्ट दिसत होतं. ‘४.४०. मॅडम पुण्याला. सर्व ठीक.’

ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. साळवे वहीकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, ‘सर्व ठीक’वर एक सरळ रेघ ओढली आणि शेजारी सही केली.